न सांगता काढलेले फोटो

दिगूभाऊ शिरधनकरांना लग्नाचे फोटो काढायला बोलावलं की ते घर लग्नाचे दोन दिवस त्यांच्यावर वैतागायचं आणि अल्बम हातात आला की पुढे दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी मात्र काहीतरी व्हायचं. घरातलं कोणीतरी गेलेलं असायचं. कोणी बोटीवर, कोणी मुंबईला, कोणी कायमचं. मग तो अल्बम कपाटातून खाली यायचा आणि "शिरधनकराने काढला म्हणून आहे हो हा," असं म्हणत बाया पदराने फोटो पुसायच्या. हे दिगूभाऊंच्या कानावर क्वचित जायचं. शिव्या मात्र वेळच्या वेळी पोचायच्या.

मी तेव्हा रत्नागिरीच्या कोर्टात कारकून होतो. दुपारच्या सुट्टीत राम आळीच्या टोकाला त्यांच्या दुकानात चहा प्यायला जायचो. दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक बाक, एक आरसा आणि सुतळीने खिळ्याला बांधलेला कंगवा. तो कंगवा कोणी पळवील अशी भीती दिगूभाऊंना का वाटायची कोण जाणे, कारण त्याचे निम्मे दात पडलेले होते. मागच्या खोलीत तांबडा दिवा आणि औषधांचा आंबट वास. शाळेच्या फॉर्मसाठी, बोटीवर भरती होण्यासाठी लागणारे फोटो ते मुकाट्याने काढून देत. पण त्यांचा जीव लग्नात.

लग्नात फोटोवाला म्हटला की तो वरातीत नवरदेवाच्या खालोखाल मिरवतो. दिगूभाऊंचं सगळंच उलट. जांभ्या दगडाच्या रंगाचा, धुऊन धुऊन विटलेला एक शर्ट ते खास लग्नासाठी ठेवत. आदल्या दिवशी हळदीलाच येऊन बसत. मांडवात शिरताना चपला काढून पिशवीत घालत आणि ती पिशवी मांडवाच्या मेढीला टांगत. मग अनवाणी फिरत. चुलीपाशी आचाऱ्याला नारळ फोडून देत, म्हातारीला पान कुटून देत. संध्याकाळपर्यंत घरातली माणसं विसरूनच जात की हा माणूस फोटो काढायला आलाय. कोणीतरी त्यांना पाण्याची कळशी आणायला सांगे, आणि ते आणतही.

त्यांचा कॅमेरा पोटाशी धरायचा होता. चौकोनी डब्यासारखा, दोन डोळ्यांचा. वरून मान खाली घालून त्यात बघायचं. त्यामुळे ते फोटो काढतायत की विचार करत उभे आहेत, हे समोरच्याला कळत नसे. एका रोलवर बारा फोटो. दिव्याचा झगमगाट त्यांना चालत नसे. मांडव माडाच्या विणलेल्या झापांचाच हवा, कारण झापांमधून ऊन गाळून येतं, असं ते यजमानाला आधीच बजावत. ताडपत्री घातलेली दिसली की त्यांचं तोंड उतरे. "ताडपत्रीखाली सगळीच माणसा आजारी दिसतात," असं म्हणत.

त्यांची एक खोड मात्र मला फार उशिरा कळली. लग्नाच्या दिवशी पहिला तासभर ते रिकामाच कॅमेरा वाजवत. आत रोलच नसे. पाहुणे सजून येत, समोर उभे राहत, मिशीला हात लावत, पोट आत घेत. दिगूभाऊ सगळ्यांना वाजवून दाखवत. "आधी हौस फिटू दे," ते मला म्हणाले होते. "हौस फिटली का मग माणूस दिसायला लागतो. मग मी रोल घालतो."

यावरून एकदा चांगलाच तमाशा झाला. खेडकडचं लग्न होतं. नवऱ्या मुलाचे काका लोट्याच्या एका कंपनीत फोरमन. मे महिन्यात तपकिरी सूट घालून, कंपनीच्या बसमधून आपली माणसं घेऊन आले होते. त्यांनी दिगूभाऊंना ताब्यातच घेतलं. रुखवताशेजारी एक, आहेरातल्या टेबलफॅनशेजारी एक, बसशेजारी एक. पुढे अल्बम आला तेव्हा त्यात काकांचा एकुलता एक फोटो. मागच्या पायरीवर सूटचा कोट काढून बसलेत, बनियनवर, आणि मांडीवर झोपलेल्या कोणाच्यातरी पोरीला विरीने, सुपारीच्या रुंद वाळक्या देठाने, वारा घालतायत.

काका थेट रत्नागिरीला दुकानात आले. मी चहा पीत होतो.

"माझे बाकीचे फोटो कुठायत?"

"रोल नव्हता," दिगूभाऊ म्हणाले.

"रोल नव्हता? मग माझ्यासमोर अर्धा तास काय वाजवत होतात?"

"तुमी तयार होतात. मी नव्हतो."

काका इतके तापले की मला वाटलं, आरसा फुटतो आता. दिगूभाऊ शांतपणे कपात चहा ओतून त्यांच्यापुढे सरकवत म्हणाले, "ती पोर कोनाची?" काका जरा थांबले. बहिणीची, म्हणाले. बहीण बाळंतपणात गेली होती. नंतर त्यांनी तो चहा प्यायला आणि जाताना त्याच फोटोची मोठी प्रत मागितली. अर्थात माणसं पाघळत ती अशी दुकानात आली तरच. जी येत नसत ती गावभर बोलत.

सावर्ड्याच्या लग्नातलीही गोष्ट सांगायलाच हवी. मानपानाच्या साड्यांवरून दोन विहिणींमध्ये सहा महिने बोलणं बंद होतं. मुहूर्त जवळ आला, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. सगळा मांडव नवरानवरीकडे बघतोय आणि दिगूभाऊ नवरानवरीकडे पाठ करून उभे. मुलीचा बाप नुसता दात-ओठ खात होता. अल्बममध्ये अंतरपाट धरलेला फोटो नाहीच. त्याऐवजी दोन्ही विहिणी आहेत. मुलीची आई रडतेय आणि मुलाच्या आईने समोर बघता बघता, स्वतःच्याही नकळत, तिचा हात घट्ट धरलाय. तो फोटो दोन्ही घरांत लागला. "माझा हात तिनेच धरला," असं एक म्हणायची आणि "तिनेच माझ्या हातात हात दिला," असं दुसरी. भांडण राहिलं, पण बोलणं सुरू झालं.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं लग्न ठरलं तेव्हा मीच दिगूभाऊंना सांगून आलो. आमच्या मिऱ्याच्या घरी लग्न होतं. सासरची माणसं डोंबिवलीची. दुसऱ्यांच्या घरातले असे फोटो बघून मी माना डोलावल्या होत्या. आपल्या घरावर वेळ आली की माणूस कसा वागतो ते मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्या वडिलांविषयी, आबांविषयी थोडं सांगतो. तीस वर्षं ते बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. वर्षा-दीड वर्षाने महिनाभर घरी यायचे. सुमन लहान असताना ते आले की ती आईच्या मागे लपायची आणि "हे पाहुणे कधी जाणार?" असं विचारायची. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा ती कॉलेजात होती. दोघांना एकमेकांशी काय बोलावं हेच कळत नसे. आबा तिला "छत्री घेतलीस का?" असं विचारायचे, उन्हाळ्यातसुद्धा.

लग्न नीट पार पडलं. कन्यादान करताना आबांचा चेहरा जसाच्या तसा. पंगतीत हिंडून त्यांनी सगळ्यांना आग्रह केला. आणि पाठवणीच्या वेळी ते नाहीसे झाले. वऱ्हाडाची एस.टी. उभी, सगळे रडतायत, सुमन पाया पडायला आबांना शोधतेय आणि आबा कुठेच नाहीत. सासरच्यांपुढे मी सावरून घेतलं. "उन्हाने चक्कर आली, आत पडलेत," असं ठोकून दिलं. सुमन खिडकीतून घराकडे बघत राहिली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिची मान घराकडेच होती.

आठ दिवसांनी दिगूभाऊंनी मला दुकानात बोलावलं. अल्बम तयार होता. तो दाखवून झाल्यावर मागच्या खोलीतून त्यांनी एक मोठा केलेला फोटो आणला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला.

"ह्यो अल्बमात नाय लावला. म्हटला, तुमाला इचारावा."

घरामागे आमची दगडी डोण होती, पाण्याची. तिच्या कडेला आबा उकिडवे बसले होते. लग्नातलं कोरं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं. सुमन नव्या सँडल घालून गेली होती आणि तिच्या जुन्या रबरी स्लिपरा मागच्या दारी राहिल्या होत्या. आबा त्या स्लिपरा धूत होते. एक धुऊन कडेला उभी करून ठेवलेली, दुसरी हातात. आणि ते रडत होते. तोंड उघडं, ओठ वाकडे, नाक गळतंय. माझ्या बापाचा तसा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता.

"इतक्या वर्षांत असा एकच मिळाला मला," दिगूभाऊ हळूच म्हणाले.

मला काय झालं ते आज मी सांगू शकतो, तेव्हा सांगता आलं नसतं. मला लाज वाटली. अल्बम आधी डोंबिवलीला जाणार होता. तिथे तो चाळभर फिरणार, सुमनच्या सासूच्या मैत्रिणी तो बघणार आणि माझा बाप पोरीच्या चपला धूत, नाक गाळत रडताना दिसणार. शिवाय मी तर सांगून बसलो होतो की त्यांना चक्कर आलीय. खोटं पकडलं जाण्याची भीती मोठी होती की लाज, हे मी स्वतःला अजून विचारतो.

"हे काय काढलंत?" मी म्हणालो. "माणूस एकटा जाऊन बसला, तर त्याला एकटं राहू द्यायचं नाही? चोरी आहे ही, दिगूभाऊ. लोकांच्या घरात शिरून चोरी करता तुम्ही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं. फोरमनकाकांनी याहून वाईट शब्द वापरले होते, पण ते परके होते.

"निगेटिव्ह कुठाय?" मी विचारलं.

ते आत गेले, पट्टी घेऊन आले. उजेडाकडे धरून ती एक चौकट मला दाखवली, म्हणजे दुसरीच कापली असा संशय नको. मग कात्रीने तिचे चार तुकडे केले आणि फोटोसकट कागदात बांधून माझ्या हातात दिले. "घ्या," म्हणाले. "तुमचा बाप हाय. तुमीच सांगाल तसा." मी घरी येऊन ती पुडी न्हाणीच्या चुलीत घातली. आबा तिथेच बाजूला लाकडं फोडत होते. मला अगदी कर्तव्य केल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर मी दुकानात जाणं कमी केलं. भांडण असं नव्हतं. वाटेत भेटले की "काय, बरा हाय ना?" असं तेच आधी विचारत. पण वर्षभराने आमच्या हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नात मी त्यांना काम करताना पाहिलं. नवरीची आजी कोपऱ्यात बसून नातीच्या हातावरची मेंदी न्याहाळत होती. दिगूभाऊ तिच्यासमोर गेले, वाकले आणि म्हणाले, "काढू काय, आजी?" आजीने लगेच पदर सारखा केला, नातीचा हात सोडला आणि ताठ बसली. दिगूभाऊंनी फोटो काढला. मग पुढच्याकडे गेले. "काढू काय?" सगळा दिवस ते असंच विचारत फिरले. ते असं का विचारतात, हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. मी जाऊन त्यांना सांगायला हवं होतं की विचारू नका. मी जेवलो आणि घरी आलो.

पुढे रंगीत फोटो आले, मग व्हिडिओवाले आले. डोळे दिपवणारे दिवे घेऊन ते मांडवात घुसायचे आणि सगळ्यांना माना वळवायला लावायचे. तसं करायचं तर लोकांना दिगूभाऊ कशाला हवे होते? त्यांचे फोटो आता चारचौघांसारखे झाले होते आणि चारचौघे त्यांच्याहून झगमगीत काढत होते.

सुमनच्या लग्नाला चारेक वर्षं झाली असतील, आबा गेले. झोपेतच गेले. सुमन डोंबिवलीहून आली ती कोरडी. दिवस होईपर्यंत राहिली, सगळं केलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. या चार वर्षांत ती माहेरी दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा आबांशी दोन वाक्यांपलीकडे बोलली नव्हती. दहाव्या दिवशी दुपारी पडवीत बसलो असताना ती मला म्हणाली, "दादा, मला रडूच येत नाही रे. मी खूप प्रयत्न केला. पण मला सारखी ती गाडी आठवते. स्वतःची मुलगी जातेय आणि हा माणूस दारापर्यंत आला नाही. त्यांना मी नकोच होते का?"

मी "तसं नव्हतं गं," एवढंच म्हणालो आणि उठून थेट राम आळीत गेलो.

दिगूभाऊ दुकान आवरत होते. पुढच्या आठवड्यात मुलाकडे सावर्ड्याला कायमचे जाणार होते. कॅमेरा विकून झाला होता. मी दारातच विचारलं, "आबांच्या त्या फोटोची एखादी प्रत राहिलीय का हो? चुकून?" मला खात्री होती की असणार. असा फोटो कोण टाकून देईल? मनातून मी तेव्हा त्यांच्या चोरीवरच भिस्त ठेवून होतो.

"नाय हो," ते म्हणाले. "एकच काढलेला. निगेटिव्ह तुमच्यासमोरच कापली ना? तुमी सांगितलात, मग ठेवीन कसा?"

मी बाकावर बसलो आणि त्यांना सुमनचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी येऊन सांगू काय तिला? मला सगळा दिसतो अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिऱ्याला आले. सुमन पडवीत तांदूळ निवडत होती. ते खाली जमिनीवरच बसले आणि बोलायला लागले. एरवी तीन शब्दांत बोलणं आटोपणारा माणूस, पण तेव्हा त्यांनी काही म्हणून सोडलं नाही. धोतर कुठवर वर घेतलं होतं, ऊन कोणत्या बाजूने होतं, कोणती स्लिपर आधी धुतली, तिचा अंगठा तुटून तारेने बांधला होता, आबा ती तार बोटाने दाबून बघत होते. आणि कसे रडत होते. सुमनचे हात सुपातच थांबले. तिचा चेहरा हलला. मला वाटलं, आता.

मग ती म्हणाली, "फोटो कुठाय तो?"

दिगूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. त्या नजरेत राग नव्हता, बोट दाखवणं नव्हतं. बोलायचं असेल तर बोला, एवढंच होतं. मला फक्त इतकं म्हणायचं होतं की सुमन, मी पाहिलाय तो फोटो. ते म्हणतात ते खरं आहे आणि तो मी जाळला. मी खाली बघून नखाने जमिनीचं शेण उकरत बसलो.

"बिघडला," दिगूभाऊ म्हणाले. "माझ्याच हातून. धुताना."

सुमन त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर जे येऊ घातलं होतं ते हळूहळू परत गेलं.

"म्हणजे फोटो कोणीच पाहिलेला नाही," ती म्हणाली. "दादाने तुम्हाला सांगितलं असेल, तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगा. होय ना, भाऊ? तुमचा हेतू चांगला आहे. पण असं नका करू."

"खोटा नाय बोलत, बाय."

"मग एवढा एक फोटो सांभाळता आला नाही तुम्हाला?"

मला आठवतं तेव्हापासून त्यांच्या हातून एकही रोल कधी बिघडला नव्हता. ते उठले, आईला आतल्या दारातून नमस्कार केला, चपला पायात घातल्या आणि अंगणातून निघाले. पाठमोरे, थोडे वाकलेले. पुढे वर्षाच्या आत सावर्ड्याला ते वारल्याचं कळलं, म्हणजे मी त्यांना पाहिलं ते हेच शेवटचं.

ते अंगणाच्या बेड्यापाशी, बांबूच्या फाटकापाशी, पोचले नव्हते, तोच सुमनने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला विचारलं, "सगळ्या रत्नागिरीत दुसरा एक चांगला फोटोवाला मिळाला नाही का रे तुला, दादा?"

दिगूभाऊ पाठ वळवून बेड्याचा बांबू सरकवत होते.

"मिळाला असता," मी म्हणालो.